नळ चावतो, तेव्हा...

काशीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना स्नानाचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या बाजूच्या गल्ल्यांतून पेशवाईपासून मराठी घरे नांदत आली आहेत. कुणाचे पूर्वज वेदाध्ययनासाठी आले, कुणाचे यात्रेकरूंच्या धर्मकृत्यांसाठी, तर कुणाचे होळकर, शिंदे, भोसले अशा घराण्यांच्या आश्रयाने. या घरांत आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असा व्यवहार चालतो. पण दिवस उजाडतो तो आंघोळीनेच. कार्तिकात पंचगंगेवर आकाशदिवे टांगले जातात, ते पाहत भल्या पहाटे गंगेवर जाणाऱ्या आज्या-पणज्यांच्या आठवणी प्रत्येक घरात आहेत.

पण गुडघे कुरकुरू लागले की घाटाच्या पायऱ्या डोंगराएवढ्या वाटतात. पौष-माघात वाराणसीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. मग गंगेची जागा घरातली मोरी घेते, आणि चुलीवरच्या बंबाची जागा विजेचा गीझर. सोय झाली, यात शंका नाही. मात्र पाणी आणि वीज ही दोघे एका लहानशा खोलीत एकत्र आली, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीतले असेच एक चार मजली जुने घर. वरच्या मजल्यांवर भाडेकरू, खाली मालकीण आजी, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. शिवाय महाराष्ट्रातून काशीयात्रेला येणाऱ्या ओळखीच्या लोकांसाठी दोन खोल्या. आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. मुलाने हौसेने पंधरा लिटरचा गीझर आणला, शॉवर बसवला. न्हाणीघरात दाढीच्या दिव्यासाठी पूर्वी एक पॉइंट होता, त्यावरूनच गीझरला वीज दिली. पहिला हिवाळा छान गेला.

दुसऱ्या हिवाळ्यात आजी म्हणाल्या, ‘‘अगं, हा नळ चावतो.’’

घरातल्या प्रत्येकाने याचा आपल्या परीने अर्थ लावला. नातू म्हणाला, ‘‘आजी, तुझे हात गारठलेत.’’ मुलाला वाटले, वयोमानाने शिरा आखडल्या असतील. शेजारच्या गृहस्थांनी तर, ‘‘इतना करंट तो सब के यहाँ आता है,’’ म्हणून विषयच मिटवला. आजींनी आपला उपाय आपणच शोधला. लाकडी पाटावर उभे राहायचे आणि कोरड्या पंचाने नळ फिरवायचा. झिणझिण्या थांबल्या, आणि घरातल्यांच्या मनातून ती गोष्टही गेली.

पुढे एका सकाळी सून पितळी कळशी नळाखाली धरून भरत होती. पाट बाजूला सरकलेला, पाय ओल्या फरशीवर. एकदम असा हिसका बसला की कळशी हातातून सुटून आदळली. दंड संध्याकाळपर्यंत दुखत होता. तिने मेन स्विच बंद केला आणि सांगून टाकले, ‘‘आई, आजपासून हा गीझर बंद.’’

नवऱ्याला ते अवघड वाटले. चार दिवसांनी साताऱ्याकडचे एक वयस्क जोडपे मुक्कामाला येणार होते. ‘‘एवढ्या थंडीत त्यांना गार पाणी द्यायचे का? आलेत तसे येऊन जाऊ देत, मग बघू,’’ असे त्याचे म्हणणे.

‘‘पाणी मी पातेल्यात तापवून देईन,’’ सून म्हणाली. ‘‘पण परक्याच्या आई-वडिलांना त्या नळाला हात लावू देणार नाही. आईंनाही नाही.’’

त्या घरातला खरा प्रश्न इथून सुरू झाला.

तिसरे छिद्र रिकामे

गीझरच्या आत पाणी तापवणारी कांडी असते. तिच्या धातूच्या नळीत विजेची तार आणि त्या दोहोंमध्ये वीज अडवणारी पांढरी भुकटी भरलेली असते. बोअरच्या जड पाण्याने कांडीवर क्षारांचा थर चढतो, ती जादा तापते, कालांतराने तिला बारीक चीर जाते. भुकटीत पाणी शिरले की वीज गीझरच्या टाकीत, तिथून पाण्यात आणि धातूच्या नळात उतरू लागते. प्लगची तिसरी, लांब आणि जाड पिन याचसाठी असते. ती टाकीला जमिनीशी जोडते. गळणारी वीज त्या वाटेने निघून जाते, नळापाशी थांबत नाही.

गल्लीतला मिस्त्री आला. त्याने बोर्ड उघडला, तेव्हा तिसऱ्या छिद्रामागे काहीच नव्हते. घराची मूळ वायरिंग दोन तारांची. अर्थिंग नावाची गोष्टच नव्हती. पूर्वी कधी तरी कोणी एक तार पाण्याच्या लोखंडी पाइपला गुंडाळून ठेवली होती. मधल्या दुरुस्तीत तो पाइप प्लास्टिकचा झाला आणि ती तार नुसतीच लोंबत राहिली.

मिस्त्रीने तोडगा सांगितला, ‘‘माताजी, पाँच मिनट का काम है. न्यूट्रल से जोड़ देते हैं.’’

म्हणजे सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलच्या तारेला जोडून टाकायची. असे जोड अनेक जुन्या घरांत सापडतात. झिणझिण्या लगेच थांबतात, म्हणून घरातले खूश होतात. पण पुढे कधी न्यूट्रलची तार वाटेत तुटली किंवा सैल झाली, किंवा कोणी दुरुस्ती करताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली, तर गीझरच्या टाकीवर थेट २३० व्होल्ट येतात. आधी नळ नुसता चावत होता, आता तो जीव घेऊ शकतो, एवढाच काय तो फरक. सुनेने मिस्त्रीला चहा दिला आणि काम न करताच परत पाठवले. मग ओळखीतून परवानाधारक विद्युत कंत्राटदार शोधला.

ज्या शहरात काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने १९१९ पासून विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण दिले, देशात या विषयाचे पदवी वर्ग सुरू करण्याचा पहिला मान मिळवला, त्याच शहराच्या जुन्या गल्ल्यांत अर्थिंगविना गीझर चालतात. २०१५ साली जुन्या काशीत विजेच्या तारा जमिनीखाली घालण्याचे काम हाती घेण्यात आले. डोक्यावरची तारांची जाळी अनेक गल्ल्यांतून गेली, मोकळे आकाश दिसू लागले. लोकांना वाटले, वीज आता सुरक्षित झाली. पण वीज कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते. मीटरच्या अलीकडची, भिंतीतली चाळीस-पन्नास वर्षांची तार ज्याची त्यानेच पाहायची असते.

किती वीज पुरे होते?

‘थोडासा करंट’ म्हणजे किती, हे एकदा आकड्यांत पाहायला हवे. एक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, एवढी वीज अंगातून गेली की मुंग्या येतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग केले होते. पकडलेली तार स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत सरासरी १०.५ मिलिअँपिअर आढळली. त्यापुढे स्नायू आखडतात आणि हात नळाला चिकटून राहतो. तीस मिलिअँपिअरच्या वर वीज काही क्षण वाहत राहिली, तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात.

आता न्हाणीघराचा हिशेब करू. भिजलेल्या अंगाचा विजेला होणारा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० व्होल्टला हजाराने भागले, तर येतात २३० मिलिअँपिअर. आणि दोन किलोवॉटचा गीझर रोज खुशाल घेतो जवळजवळ नऊ अँपिअर! म्हणजे माणसाला संपवायला पुरेशी असलेली वीज फ्यूजच्या दृष्टीने नगण्य असते. फ्यूज किंवा एमसीबी हे तारा जळू नयेत म्हणून असतात. माणूस वाचवणे हे त्यांचे कामच नाही. ‘आमच्याकडे एमसीबी आहे, काळजी नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक घराने ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

आजींच्या पाटाने त्यांना वाचवले, तेही पाट कोरडा होता तोवर. ओले लाकूड वीज अडवत नाही.

जमाखर्च तपासणारा पहारेकरी

माणसाला वाचवणारे साधन वेगळे आहे. दुकानात त्याला आजही ईएलसीबी म्हणतात, नव्या उपकरणांवर आरसीसीबी असे लिहिलेले असते. त्याचे काम एखाद्या चोख कारकुनासारखे. फेजच्या तारेने जेवढी वीज घरात गेली, तेवढीच न्यूट्रलने परत आली की नाही, एवढेच ते सतत पाहत असते. जमाखर्च जुळला, तर ते स्वस्थ. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, की वीज दुसऱ्याच वाटेने, कदाचित एखाद्याच्या अंगातून, जमिनीत चालली आहे असे समजून ते पुरवठा तोडते. त्यासाठी त्याला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वेळ लागता कामा नये, आणि गळती मोठी असली तर ते याहूनही कितीतरी लवकर तुटते.

१९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींसाठी हेन्री रुबिन यांनी या तत्त्वावर उपकरणे विकसित केली. डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये घरगुती वापरासाठी अधिक संवेदनशील उपकरण तयार केले, आणि अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९७५ पासून न्हाणीघरातील सॉकेटना हे संरक्षण आवश्यक ठरवले. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी तीस मिलिअँपिअर ही मर्यादा दिलेली होती, मात्र पाच किलोवॉटच्या आतील लहान जोडण्यांना सूट होती. आता त्या नियमांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली आहे. पण सूट मीटरला मिळते, शरीराला नाही. एक पंखा, चार दिवे आणि एक गीझर असलेल्या घरातही धोका तेवढाच असतो.

या उपकरणाच्या मर्यादाही माहीत हव्यात. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना हात लागला, तर जमाखर्च जुळतोच, ते काही करू शकत नाही. तारांवर जादा भार आला तर ते ओळखत नाही, म्हणून सोबत एमसीबी लागतोच. आणि मिस्त्रीने सुचवलेला तो न्यूट्रलचा जोड असेल, तर गळलेली वीज न्यूट्रलनेच परत येते आणि हा पहारेकरीही फसतो. अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे. अर्थिंग नीट असेल, तर कांडी बिघडताच, कोणी हात लावण्याआधीच वीज तुटते. अर्थिंग नसेल, तर माणसाला धक्का बसल्यावर तुटते.

खर्च कोणी करायचा?

कंत्राटदाराने पाहणी केली आणि दोन कामे सांगितली : अर्थिंगचा खड्डा आणि आरसीसीबी. घरात वाद झाला तो खड्ड्यावरून. अर्थिंगसाठी साधारण अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप जमिनीत उभा पुरावा लागतो. काशीच्या गल्लीत माती आहे कुठे? दारात दगडी फरसबंदी, आत दगडी चौक. शेवटी चौकातल्या तुळशीवृंदावनाशेजारी जागा निघाली. रोज तुळशीला पाणी पडते, माती ओलसर राहते. अर्थिंगला तेच हवे असते.

आजींना तुळशीजवळ खणणे पटेना. सुनेने समजावले, ‘‘आई, मुळांना धक्का लावायचा नाही, असे सांगितलेय त्यांना. आणि हे सगळे तुमच्याच आंघोळीसाठी आहे ना!’’ आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘वरच्या बिऱ्हाडांनाही त्यात जोडून घे. त्यांच्याकडे लहान पोरे आहेत.’’

वरची बिऱ्हाडे मात्र पैशाला तयार नव्हती. ‘घर तुमचे, भाडे आम्ही वेळेवर देतो’ हे त्यांचे म्हणणे. ‘गीझर तुमचे’ हे मालकांचे. जुन्या घरांतून हाच तिढा असतो आणि तो सुटेपर्यंत सारे जण आपापल्या नशिबावर आंघोळी करत राहतात. इथे तोड निघाली ती अशी : खड्डा आणि वर जाणारी अर्थची तार मालकांनी घालायची, आपापला आरसीसीबी ज्याच्या त्याने बसवायचा. दोन बिऱ्हाडांनी लगेच मान्य केले. तिसऱ्याने महिनाभर घेतला.

पण एवढ्याने संपले नाही. उपकरण बसवले आणि ते दिवसातून चार वेळा तुटू लागले. एकदा ऐन आरतीच्या वेळी काळोख झाला. मुलगा वैतागून म्हणाला, ‘‘काढून टाका ते. चांगले चालले होते.’’ अशा वेळी पुष्कळ घरांत ते काढून टाकतात किंवा त्याला वळसा घालून तार जोडून घेतात. हीच खरी चूक. कुत्रा रात्री भुंकतो म्हणून त्याला हाकलून द्यावे, तसे हे झाले. कंत्राटदाराने एकेक वाट बंद करत कारण शोधले. इन्व्हर्टरची आणि मेनची न्यूट्रल एकत्र गुंतली होती, ती वेगळी केली. गीझरची कांडी तर गळत होतीच, ती बदलली. न्हाणीघरासाठी स्वतंत्र आरसीसीबी दिला, म्हणजे तो तुटला तरी देवघरातला दिवा जाणार नाही. तेव्हापासून तो विनाकारण तुटलेला नाही.

साताऱ्याचे पाहुणे मात्र त्या आधीच येऊन गेले. त्यांची आंघोळ पातेल्यातल्या पाण्यानेच झाली, आणि त्यांनी एका शब्दानेही तक्रार केली नाही.

आपल्या घरी काय पाहाल?

थंडी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गृहिणीने एक दिवस या तपासणीसाठी राखून ठेवावा. काम स्वतः करायचे नाही, ते परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायचे. पण काय विचारायचे, हे आपल्याला ठाऊक हवे.

गीझरसाठी वितरण पेटीपासून वेगळी तार आणि १६ अँपिअरचे सॉकेट हवे. दिव्याच्या पॉइंटवर गीझर चालवू नये. स्विच असा हवा की तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडेल, म्हणजे ‘बंद’ म्हणजे खरोखरच बंद. हा स्विच न्हाणीघराच्या बाहेर असावा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार टब नसलेल्या न्हाणीघरात शॉवरच्या तोटीपासून आडव्या अंतरात १.२ मीटर आणि उंचीत २.२५ मीटरपर्यंतचा भाग ओला क्षेत्र मानला जातो. आपल्याकडची न्हाणीघरे मोजली, तर बहुधा सारी खोलीच त्यात बसते!

आरसीसीबीवर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले लहान बटण असते. तीन महिन्यांतून एकदा ते दाबावे. वीज लगेच तुटली पाहिजे. तुटली नाही, तर उपकरण बदलावे. दिवाळी, मकरसंक्रांत, पाडवा असे सण ठरवून घेतले, की विसरायला होत नाही. मात्र या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही. ती मोजमापाच्या यंत्राने वेगळी करून घ्यावी लागते.

बादलीत सोडायचा वॉटर हीटरचा रॉड हा तर अनेक घरांतला घातक पाहुणा. तो वापरायचाच असेल, तर आयएसआय खुणेचा, तीन पिनांचा घ्यावा, बादली प्लास्टिकची असावी, आणि पाणी तापले का हे पाहायला हात घालण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे. गीझरची तपासणी वर्षातून एकदा व्हावी, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बंद करू नये. आणि विजेला भिऊन गॅस गीझर घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की बंद न्हाणीघरात त्यातून वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड साठतो. तो गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

इतके करूनही दुर्दैवाने कोणाला धक्का बसलाच, तर धावत जाऊन त्याला धरू नये. आधी मेन बंद करावा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला तारेपासून दूर करावे. उत्तर प्रदेशात १०८ वर रुग्णवाहिका मिळते, ११२ हा मदतीचा क्रमांकही आहे. माणूस शुद्धीवर नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे, मदत येईपर्यंत. आणि धक्का बसूनही माणूस बरा वाटत असला, तरी त्याला डॉक्टरांना दाखवावे.

घरातली म्हातारी माणसे पुष्कळ गोष्टींची तक्रार करतात, असे आपल्याला वाटते. पाणी गार आहे, फरशी निसरडी आहे, नळ चावतो. रोजच्या धांदलीत त्यातले निम्मे आपण ऐकत नाही. पण घरात सर्वांत आधी उठून पहाटे एकटी आंघोळीला जाणारी तीच माणसे असतात, आणि बिघडलेल्या विजेची पहिली खबर त्यांच्याच बोटांना लागते. ‘नळ चावतो’ असे घरातल्या कोणीही म्हटले, तर त्याच मिनिटाला मेन बंद करा. उपाय मागाहून शोधता येईल. तोवर पातेल्यात पाणी तापवायला कितीसा वेळ लागतो?